पठारावरचे दिवस

शैक्षणिक मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘पठारावस्था’ असा एक शब्द असतो. नवे कौशल्य शिकणाऱ्याची प्रगती आरंभी झपाट्याने होते, मग एकाएकी खुंटते; सराव चालूच असतो, पण आलेखावरची रेषा आडवी होऊन बसते. अमेरिकेत १८९७ साली ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारायंत्र शिकणाऱ्या उमेदवारांच्या अभ्यासातून ही गोष्ट मांडली. आम्हां दोघांपैकी एकाने प्राध्यापकी मिळण्याआधी पोटापाण्याची सोय म्हणून बी.एड. केले होते, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात पूर्वीपासून होता. तो एक दिवस आमच्या फ्रिजच्या दारावर येऊन बसेल असे मात्र कधी वाटले नव्हते. २०२३ च्या एप्रिलअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत अकरा आठवडे तो तिथे होता: आलेखाच्या कागदावर, लाल बॉलपेनने, ९३ किलोच्या ओळीवर.

‘आम्ही’ कोण, ते आधी सांगितले पाहिजे. हे जुन्या संपादकांचे आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. नवरा आणि बायको, दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही मुंबईतल्या दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आणि दोघेही चाळिशी ओलांडलेले. ती मूळची गिरगावची, तो लालबागचा. राहतो ते परळच्या भोईवाड्यात, म्हणजे दोन्ही माहेरे-सासरे बसच्या एका तिकिटात. शस्त्रक्रिया तिची झाली. हा मजकूर मात्र दोघांनी मिळून लिहिला आहे, आणि जिथे एकवाक्यता झाली नाही तिथे ती झाली नाही असेच लिहायचे, एवढा एक करार आहे.

२०२२ च्या डिसेंबरात तिचे वजन ११८ किलो होते. उंची पाच फूट दोन इंच. मधुमेहाला सात वर्षे झाली होती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ होती. गिरगावातल्या माहेरच्या चाळीचा लाकडी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाताना ती दोन ठिकाणी थांबत असे. पहिल्या थांब्यावर शेजारच्या काकूंशी बोलण्याचे निमित्त असे, दुसऱ्यावर निमित्तही उरत नसे. आहाराचे जेवढे म्हणून प्रकार मुंबईत पिकतात तेवढे सगळे करून झाले होते. शेवटी ज्या शस्त्रक्रियेला इंग्रजीत ‘स्लीव्ह’ म्हणतात ती करायचे ठरले. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग उभा कापून काढतात आणि उरते ती बाहीसारखी अरुंद नळी. डॉक्टरांनी हे कागदावर काढून दाखवले तेव्हा गिरगावातल्या आमच्या शिंप्याची आठवण होऊन आम्ही दोघेही हसलो. त्यानेही वर्षानुवर्षे तिच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून सैल करून दिल्या होत्या. इथे उलट व्हायचे होते.

या शस्त्रक्रियेने पोट केवळ लहान होते असे नाही. जठराचा जो भाग काढून टाकतात त्यातच ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते. मेंदूपर्यंत भुकेचा निरोप पोचवणाऱ्यांत ते महत्त्वाचे. १९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी त्याचा शोध लावला. म्हणजे आमच्या एम.ए.च्या वर्गांत भुकेच्या कवितांवर व्याख्याने चालली असताना भुकेचा निरोप्या नुकताच सापडला होता, आणि आम्हांला त्याची वार्ताही नव्हती. शस्त्रक्रियेनंतर तिला चार महिने भूक लागलीच नाही. ती म्हणते, हा अनुभव सुखाचा नव्हता. एखादी जुनी कुरबुरी शेजारीण घर सोडून गेल्यावर चाळ जशी भकास वाटते तसे ते होते. आधी आमटीच्या वरचे पाणी आणि मुगाचे कढण, मग कुस्करलेले, मग मऊ. ताट गेले आणि वाटी आली. जेवताना पाणी प्यायचे नाही, घास तीस वेळा चावायचा आणि अर्ध्या वाटीला अर्धा तास द्यायचा. दादरला ‘प्रकाश’मध्ये एकदा तिने साबुदाणा वड्याचा चतकोर खाल्ला आणि हात आवरला, तेव्हा वाढणाऱ्याने हळूच विचारले, ‘‘आज चांगला झाला नाही का?’’

पहिल्या चार महिन्यांत पंचवीस किलो गेले. लोकांना ते दिसू लागले आणि लोक बोलू लागले, तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मराठीत लठ्ठ होण्याचे जे शब्द आहेत त्यांत एक सुटकेचा, सुबत्तेचा सूर असतो: माणूस ‘सुटतो’, ‘अंग धरतो’, ‘भरतो’, तो ‘खात्यापित्या घरचा’ असतो. उलट, वजन उतरण्याचे बहुतेक शब्द आजाराचे, नाहीतर झाडाचे आहेत. माणूस वाळतो, सुकतो, रोडावतो, झडतो, खंगतो. ‘बारीक होणे’ एवढा एकच त्यातल्या त्यात निरुपद्रवी, आणि तोही अलीकडे जाहिरातींनी ताब्यात घेतला आहे. ‘‘किती वाळलीस गं!’’ यात कौतुक किती आणि काळजी किती, हे म्हणणाऱ्या बाईलाही सांगता येत नाही. आम्हांला त्यातले कौतुक तेवढे घेता येत नव्हते, कारण आम्ही सगळ्यांना खोटे सांगितले होते. महाविद्यालयात, नात्यात, लालबागला, गिरगावला, सगळीकडे ‘पित्ताशयाचे ऑपरेशन’ झाले होते. पुढे कळले की या शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे खोटे बरेच जण सांगतात. पित्ताशयाला उगाच बदनाम करण्याची जणू रीतच पडली आहे. सार्वजनिक जीवनातल्या माणसांचे धैर्य अधिक म्हणायचे: नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते तिच्याविषयी उघडपणे बोलत आले.

खोटे बोलण्यामागे लाज होती, आणि लाजेमागे भीती होती. तिची आठवण २०१७ पर्यंत मागे जाते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इमान अहमद ही इजिप्तची तरुणी मालवाहू विमानातून मुंबईत आली. तिचे वजन पाचशे किलोच्या आसपास असल्याचे सांगत होते. चर्नी रोड स्थानकासमोरच्या सैफी रुग्णालयात तिला क्रेनने वर घेतले, ते दृश्य सगळ्या वाहिन्यांनी दाखवले. मार्चमध्ये तिच्यावर हीच, स्लीव्हची, शस्त्रक्रिया झाली. पुढे तिचे वजन नेमके किती उतरले यावरून डॉक्टर आणि तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला; मे महिन्यात तिला अबू धाबीला नेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी ती तिथे वारली. त्या दिवसांत आमच्यातली ती माहेरी जाताना चर्नी रोडला उतरत असे. स्थानकाच्या पुलावर लोक थांबून इस्पितळाच्या खिडक्यांकडे बोट दाखवत, आणि मग, ती सांगते, त्यांतल्या कोणाची तरी नजर तिच्यावर येऊन ठरत असे. वाद तर किलोंचा चालला होता. जी बाई वर्षानुवर्षे अंथरुणावरून हलली नव्हती तिच्याविषयी सगळे शहर एकाच आकड्यावर बोलत होते. आम्हीही बोलत होतो. रात्री बातम्या लावून, जेवता जेवता.

असो. २०२३ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काटा ९३ वर आला आणि तिथेच राहिला.

पहिला आठवडा आम्ही काट्यावर संशय घेतला. सेल बदलले, काटा स्वयंपाकघरातून मोरीच्या उंबऱ्याजवळ नेला, मग दिवाणखान्यात आणला. दुसऱ्या आठवड्यात ऋतूवर संशय घेतला. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

वजन थांबण्याची कारणे आज आम्ही वर्गात सांगावीत इतकी पाठ आहेत. उतरणीच्या सुरुवातीला जे जाते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून ते भराभर जाते. शरीर हलके झाले की ते चालवायला ऊर्जाही कमी लागते. जे जेवण ११८ किलोंना अपुरे होते ते ९३ किलोंना पुरू लागते. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि विसावलेल्या अवस्थेत ऊर्जा खर्चण्यात स्नायूंचा हात मोठा. शिवाय शरीर स्वतःहून हात आखडता घेते: दुष्काळ पडला आहे असे समजून ते अपेक्षेपेक्षाही कमी जाळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवून हे पाहिले. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तर त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होते. त्यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती हे खरे, पण शरीराचा हिशेबीपणा त्यातून चांगला दिसतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे ते प्रसिद्ध छायाचित्रही इथे आठवते, २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे, उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. काट्याला जे कळत नाही ते इतके असते.

हे सगळे तेव्हा आम्ही वाचले नव्हते असे नाही. त्याने तर सगळे वाचले होते. वाचनाचा उपयोग त्याने वही घालण्यासाठी केला, एवढेच. सकाळी सहा वाजता वजन, रात्री पुन्हा वजन, मध्ये काय काय खाल्ले त्याचे ग्रॅम, पाणी किती, पावले किती. प्रबंधाच्या टिपांसाठी आणलेली कार्डे त्याने या कामी लावली. हे प्रेमातून होत होते, असे तो म्हणतो. ती म्हणते की प्रेम असेलही, पण त्याची शैली परीक्षा-पर्यवेक्षकाची होती. यावर एकवाक्यता नाही.

मे महिन्याच्या अखेरीस तिच्या पर्समध्ये चिक्कीचा कागद सापडला. पर्स त्याने उघडली नव्हती, ती उघडीच होती. ती म्हणते, उघडी पर्स ही परवानगी नसते. त्याने कागद जेवणाच्या टेबलावर वहीशेजारी ठेवला आणि काहीही न बोलता वाट पाहिली. तीही बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. आम्ही दोघे भाषेवर पोट भरणारे, आणि चार दिवस आमच्या घरात ‘गॅस आला का’ यापलीकडे एकही वाक्य झाले नाही.

पाचव्या दिवशी जे कळले ते असे. दादरहून चर्नी रोडला जाताना, बायकांच्या डब्यात उभी असताना, तिला एकाएकी घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे काजवे आले. शेजारच्या एका अनोळखी बाईने काही न विचारता तिला बसवले आणि चिक्कीचा तुकडा दिला. कागद गाडीत टाकायचा नाही म्हणून तिने तो पर्समध्ये ठेवला. असे एकदाच नव्हे, तीनदा झाले होते. साखर उतरत होती. मधुमेहाची जी गोळी शस्त्रक्रियेनंतर कमी केली होती ती पुढे आणखी कमी करायची, कदाचित बंदच करायची, हे एप्रिलच्या तपासणीत ठरायचे होते. आणि एप्रिलच्या तपासणीला ती गेलीच नव्हती. तिने त्याला ‘पुढे ढकलली’ असे सांगितले होते. ती ढकलली तिनेच, कारण तिथे गेल्यावर पहिल्यांदा काट्यावर उभे करतात, आणि काट्यावर ९३ च येणार होते.

हे लिहिताना आम्ही इथे थांबलो होतो. दोन दिवस पुढे काही लिहिले नाही. घरात वही होती, आलेख होता, ग्रॅम होते. आणि त्या सगळ्या नोंदींच्या मधोमध एक बाई गाडीत कोसळण्याच्या बेतात होती, ती नोंद तेवढी कुठेच नव्हती, कारण ती सांगण्याजोगी जागा त्या वहीने ठेवली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तपासणीला गेलो. गोळी बंद झाली. साखरेचा आकडा ५.९ आला होता, पण त्याचा आनंद व्हायला आम्हांला संध्याकाळ उजाडली. आहारतज्ज्ञ मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने वही पाहिली, दोन पाने उलटली आणि मिटून बाजूला ठेवली. मग मेझर टेप काढून कंबर मोजली. मार्चमधल्या नोंदीपेक्षा कंबर पाच सेंटीमीटरने कमी होती. काटा थांबला होता, ती थांबली नव्हती. तिने विचारलेले प्रश्न साधे होते. प्रथिने दिवसाला निदान साठ ग्रॅम हवीत, ती किती होतात? (अडतीस.) नुसते चालता की वजनही उचलता? झोप किती तास? उत्तरपत्रिका किती वाजेपर्यंत तपासता? शेवटचा प्रश्न आमच्यासारखी पुष्कळ माणसे पाहिल्याशिवाय सुचत नाही. आठवड्यातून एकदाच वजन करायचे, तेही ठरलेल्या दिवशी आणि एकट्याने, असे तिने सांगितले. ‘एकट्याने’ म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिले.

तेव्हापासून सकाळी अंडे नाहीतर मुगाचे धिरडे, दुपारी मांदेली किंवा पनीर, चार वाजता ताक, आणि भात सगळ्यांत शेवटी, उरलेल्या जागेत. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम. संध्याकाळी फाइव्ह गार्डनपर्यंत चालत जायचे आणि परत. केस मूठमूठ गळत होते, ते हळूहळू थांबले. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या तर कायमच्याच आहेत. बाहीच्या पोटाला त्यातून सुटका नाही.

आता त्याच्या वजनाविषयी. ते सांगण्याची त्याची इच्छा नव्हती, करारामुळे सांगावे लागत आहे. तिचे पंचवीस किलो उतरले त्या काळात त्याचे सहा किलो चढले. ती वाटीतले अर्धे ठेवी. ते अर्धे टाकायचे कसे, म्हणून तो खाई. सवय इतकी मुरली होती की ती वाटी खाली ठेवण्याआधीच त्याचा हात पुढे येत असे.

या हातामागे लालबाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. वडील त्यांतले एक. आई त्याआधीपासून घरात खानावळ चालवत होती, दोन वेळची दहा-बारा माणसे. गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, त्या हजारो बायकांपैकी ती एक. संपात जेवणाऱ्यांचेच पगार बंद झाले. काही कोकणात निघून गेले, काही उधारीवर जेवत राहिले आणि मग ओशाळून येईनासे झाले. त्या दिवसांत आई सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपाला लागलेली खरड पाणी घालून सोडवी आणि तेच पिई. हे त्याला आठवत नाही, मोठ्या बहिणीने सांगितले. ताटात टाकायचे नाही हा त्या घरचा नियम नव्हता; नियम करण्याची गरजच नव्हती. म्हणून मराठी शिकवणाऱ्या, सहा आकडी पगाराच्या या गृहस्थाला बायकोच्या वाटीतला अर्धा घास कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही. आहारतज्ज्ञ मुलीला हे सांगितले तेव्हा तिने इतकेच म्हटले की मग वाटीत अर्धेच वाढा. आम्हां दोन एम.ए.ना हे सहा महिने सुचले नव्हते.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर तिने एक गोष्ट केली. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातले ‘उपास’ हे प्रकरण विनोदी गद्याचा नमुना म्हणून ती पूर्वी पहिल्या वर्षाला शिकवत असे. वजन उतरवण्याचा संकल्प सोडलेला एक सुखवस्तू मध्यमवर्गीय आणि त्याला सल्ले देणारी अख्खी चाळ. पु. ल. देशपांड्यांचे हे लेखन मोठ्याने वाचले की हशा ठरलेला. पण तीनेक वर्षांपूर्वी वर्गात असाच हशा झाला, मुलांची नजर पुस्तकातून वर तिच्याकडे गेली, आणि हसू एका क्षणात बंद झाले. मुले चांगली होती म्हणूनच ते बंद झाले. हसली असती तर सोसले असते, असे ती म्हणते. त्यानंतर तिने ते प्रकरण गाळले आणि दुसरा उतारा घेऊ लागली. या जूनमध्ये, ९३ वर अडकलेली असताना, तिने ते पुन्हा काढले.

पुन्हा शिकवताना तिला त्यात एक निराळेच काही दिसले. आपण आजवर तो माणूस भुकेपुढे हरतो असे शिकवत आलो. पण तिथे भूक हे मुख्य पात्र नाहीच. मुख्य पात्र शेजार आहे. प्रत्येकाचा एकेक पदार्थ वर्ज्य, प्रत्येकाचा एकेक उपाय रामबाण, आणि माणसाचे वजन ही सगळ्या चाळीची सामाईक मालमत्ता, गॅलरीसारखी. त्याच्यात आणि काट्यात कधी एकांत मिळतच नाही. तिने वर्गात हे मांडले आणि मग, ठरवले नव्हते तरी, बोलून गेली: ‘‘माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले नव्हते.’’ पुढे दोन वाक्यांत सगळे सांगितले. वर्ग स्तब्ध होता. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा येऊन उभा राहिला आणि त्याने आपल्या आईचे वजन सांगितले. फक्त वजन. दुसरे काही विचारले नाही. तिने त्याला खुर्ची दिली.

त्याचे मत असे की वर्गात हे सांगायला नको होते. शिक्षकाचे शरीर हा अभ्यासक्रमाचा भाग नव्हे. तिचे मत असे की ते कायमच अभ्यासक्रमात होते, फक्त त्यावर प्रश्न येत नव्हता.

वर्गात सांगितल्यावर लालबागला सांगणे भाग होते. आईला सत्तरी उलटून काही वर्षे झालेली. तिने सगळे ऐकून घेतले आणि पहिल्यांदा विचारले, ‘‘पैसे किती गेले?’’ आकडा ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘बऱ्या पोटाक कापून टाकलंस?’’ आणि जरा वेळाने, स्वतःशीच बोलावे तशी, ‘‘संपात आमचा पोट आपसूकच लहान झाला होता.’’ यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच दोन गोष्टींचा मेळ घालायचा होता आणि तो बसत नव्हता. आम्हांलाही तो घालून देता आला नाही. एकाच घरात चाळीस वर्षांच्या अंतराने दोन पोटे लहान झाली, एक अन्न नव्हते म्हणून आणि एक अन्न होते म्हणून. यावर आमच्याकडे कुठलाही सिद्धान्त नाही.

जुलैच्या मध्यावर काटा हलला. का हलला ते सांगता येत नाही. प्रथिनांनी, बाटल्यांनी, की त्याची वेळ आली म्हणून. वर्ष पुरे होईपर्यंत ८५, आणि २०२४ च्या मध्यावर साडेएक्याऐंशी. मग पुन्हा थांबला, आणि दोन किलो वर चढला. गेले वर्षभर तो ८३ आणि ८४ च्या मध्ये आहे. भूकही परत आली आहे. पूर्वीइतकी कुरबुरी नाही, पण दारात उभी असते. हे दुसरे पठार मोठे आहे, आणि बहुधा कायमचे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसले: पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते, नंतर काहीसे परत चढते आणि मग पुष्कळसे उतरलेलेच राहून स्थिरावते. पुस्तकी हिशेबाने ती अजूनही लठ्ठच आहे. चाळीचा जिना एका दमात चढते. २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि ‘वेगोवी’ ही इंजेक्शने भारतात विक्रीला आल्यापासून ओळखीचे लोक हळहळतात, ‘‘दोन वर्षं थांबली असतीस तर कापाकापी वाचली असती.’’ सल्ल्यांच्या बाबतीत बटाट्याची चाळ अजून पडलेली नाही. आणि कोणी सांगावे, या पठारावर तीही इंजेक्शने एखाद्या दिवशी येतील. डॉक्टरांनी शक्यता बोलून दाखवली आहे, आम्ही अजून ठरवलेले नाही. तो म्हणतो घ्यावीत. ती म्हणते बघू.

आलेख फ्रिजवरून उतरवला, पण फेकला नाही. ‘पठारावस्था’ या शब्दाबद्दल मात्र आमचे अजून भांडण आहे. त्याच्या मते पाठ्यपुस्तकातला अर्थ योग्य: दोन चढांमधला थांबा. तिने शब्दकोश पुढे केला. पठार म्हणजे उंचावरची सपाट जमीन; तिथे पिके येतात, गावे वसतात, माणसे जन्म काढतात. घाट चढून आलेल्याला तो थांबा वाटतो, एवढेच. त्यावर त्याने म्हटले की आपण घाट चढलो नाही, उतरलो. उतरणीनंतर लागते ते कोकण. हे तिला मान्य करावे लागले.

२०२५ च्या गणपतीत लालबागला गेलो होतो. गल्लीत शिरायलाच तासभर लागला. आईने उकडीचे मोदक केले होते. आता बसून करते, पण पाकळ्या अजून तिच्याइतक्या कोणाला जमत नाहीत. तिने वाटीत एकच मोदक ठेवून सुनेपुढे केला. आमच्यातल्या तिने अर्धा खाल्ला, सावकाश, पंधरा-वीस मिनिटे लावून, आणि वाटी खाली ठेवली. त्याचा हात पुढे झाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. आईने ते पाहिले. तिने वाटी स्वतःकडे ओढली, उरलेला अर्धा मोदक तूप न घालताच खाल्ला, आणि वाटी धुवायला घेऊन गेली.